आडपडद्यातील स्नेह : ‘अंतू बर्वा’ आणि ‘प्रिय जी. ए.’ यांतील प्रौढ मैत्रीचा विचार

सारांश :

प्रौढ वयातील निखळ मैत्रीत स्नेह कसा, किती आणि कोणासमोर व्यक्त करावा याविषयी मराठी मध्यमवर्गीय समाजाचे काही अलिखित संकेत आहेत. प्रस्तुत लेखात भाट्ये-रत्नागिरी परिसराच्या सांस्कृतिक पार्श्वभूमीवर पु. ल. देशपांडे यांचे ‘अंतू बर्वा’ हे व्यक्तिचित्र आणि सुनीता देशपांडे यांचा ‘प्रिय जी. ए.’ हा पत्रसंग्रह यांच्या आधारे या संकेतांचा शोध घेतला आहे. उपरोध, वस्तू, मानलेले नाते आणि मृत्युलेख हे स्नेहाचे चार आडपडदे असून त्यांची किंमत पुरुषाला व स्त्रीला सारखी मोजावी लागत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : मैत्री, स्नेहाविष्कार, संबोधन, पत्रवाङ्मय, कोकण, सुनीता देशपांडे, जी. ए. कुलकर्णी.

प्रस्तावना :

मराठी समीक्षेने शृंगार, वात्सल्य आणि भक्ती या भावांचा जितका सूक्ष्म विचार केला आहे, तितका मैत्रीचा केलेला नाही. याचे एक कारण परंपरेतच सापडते. रुद्रटाने ‘काव्यालंकारा’त नऊ रसांच्या जोडीला ‘प्रेयान्’ हा दहावा रस मानला आणि स्नेह हा त्याचा स्थायी भाव सांगितला. अभिनवगुप्ताने मात्र स्नेहाला स्वतंत्र रसाचे स्थान नाकारले. मुलाचा आईवडिलांविषयीचा स्नेह, तरुणांचा मित्रांविषयीचा स्नेह, लक्ष्मणाचा भावाविषयीचा स्नेह अशी त्याने वाटणी केली आणि प्रत्येकाला दुसऱ्या कोणत्या तरी भावात सामावून घेतले. त्यात मित्रांचा स्नेह रतीच्या खात्यावर जमा झाला. काव्यशास्त्रातील ही सोय समाजव्यवहारात मात्र अडचणीची ठरते. दोन प्रौढ व्यक्तींमध्ये उत्कट स्नेह दिसला की तो ‘मुळात’ दुसरेच काही तरी असला पाहिजे, हा संशय त्याच विचारपद्धतीचा लौकिक अवतार होय.

भक्तिपरंपरेने मैत्रीला अधिक मोकळी जागा दिली. नवविधा भक्तीत सख्य ही आठवी भक्ती आहे आणि समर्थांनी ‘दासबोधा’च्या चौथ्या दशकातील आठवा समास तिच्यासाठी राखून ठेवला आहे. ज्ञानदेवांच्या समाधिप्रसंगीचे नामदेवांचे अभंग हा तर एका स्नेह्याने दुसऱ्यासाठी केलेला उघड शोकच आहे. वारीत आजही वारकरी वयाचा वा जातीचा विचार न करता परस्परांच्या पायांना स्पर्श करतात आणि उराउरी भेटतात. म्हणजे स्नेह उघड दाखवण्याचे मराठी समाजाला वावडे आहे, असे सरसकट विधान करता येत नाही. प्रश्न असा आहे की, देवाची साक्ष नसताना, सण नसताना, निव्वळ दोन माणसे समोरासमोर असताना हा स्नेह कोणत्या रूपाने प्रकट होतो ?

भाट्ये-रत्नागिरी परिसर आणि स्नेहाचे संकेत :

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस, काजळी नदी समुद्राला मिळते त्या खाडीच्या पलीकडे भाट्ये हे गाव आहे. झरी विनायकाचे देवस्थान, सुरूचे बन, लांबवर पसरलेला किनारा आणि कोकण कृषी विद्यापीठाचे नारळ संशोधन केंद्र यांमुळे ते परिचित आहे. संध्याकाळी शहरातील माणसे या किनाऱ्यावर फिरावयास येतात, त्यांत निवृत्त शिक्षक, कारकून, वकील यांचे दोघातिघांचे गट असतात. या गटांतील संभाषणाचा स्वर बाहेरच्या माणसाला भांडणाचा वाटावा असा असतो. चार दिवस न दिसलेल्या मित्राचे स्वागत “कुठं तडमडला होतास ?” या प्रश्नाने होते. “तुझी काळजी वाटली” असे वाक्य तेथे ऐकू येत नाही. परंतु त्या प्रश्नाचा अर्थ तोच असतो आणि ऐकणाराही तो तसाच घेतो.

या परिसरात स्नेहाचे दुसरे वाहन म्हणजे वस्तू. आंब्याची पेटी, फणस, शहाळी, आमसुले, कुळथाचे पीठ यांची देवाणघेवाण ही केवळ रीतभात नसते. मुंबईला परतणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीत मित्राने ऐन वेळी कोंबलेली आमसुलाची पुडी निरोपाचे काम करते. देणारा तीही “घरी पडून होती, कोण खाणार ?” अशा शब्दांत देतो. वस्तू द्यायची, पण ती देण्यामागचा भाव कबूल करावयाचा नाही, असा हा संकेत आहे.

मात्र हाच समाज ठरावीक दिवशी आलिंगनाला संपूर्ण मुभा देतो. शिमगोत्सवात ग्रामदेवतांच्या पालख्यांची भेट होते तेव्हा हजारोंचा समुदाय सद्गदित होतो. खाडीच्या शहराकडील काठावर असलेल्या राजिवड्यात ईदच्या दिवशी गळाभेट होते. त्या दिवशी मिठी मारणाऱ्याला कोणी हसत नाही, कारण ती त्या व्यक्तीची एकट्याची कृती नसून सणाची कृती असते. एरवीच्या दिवशी तीच कृती करणाऱ्याला आपल्या भावनेची जबाबदारी स्वतः घ्यावी लागते, आणि नेमके तेच टाळण्याकडे या संकेतांचा कल आहे.

‘अंतू बर्वा’ : उपरोधाचे कवच :

या संकेतांचे मराठीतील सर्वांत परिचित चित्रण ‘व्यक्ती आणि वल्ली’ (१९६२) या संग्रहातील ‘अंतू बर्वा’ या व्यक्तिचित्रात आढळते. रत्नागिरीच्या मधल्या आळीतील हा वृद्ध आणि त्याचा कंपू यांच्या तिरकस बोलण्यावर वाचकांच्या अनेक पिढ्या हसल्या आहेत. परंतु या व्यक्तिचित्राची रचना बारकाईने पाहिली असता हे बोलणे केवळ विनोदनिर्मितीचे साधन नाही, हे लक्षात येते. अंतू एकटा आहे. पत्नी गेलेली आहे, मुलगा मुंबईस आहे. या एकटेपणाविषयी तो सरळ तक्रार कधी करीत नाही. पत्नीविषयीचे दुःख तो दारच्या आंब्याच्या झाडाविषयी बोलून सांगतो. निवेदकाविषयीचा जिव्हाळा त्याच्या परदेशगमनाच्या वेळी अंगाऱ्याच्या पुडीच्या रूपाने प्रकट होतो. वर नोंदवलेले दोन्ही संकेत, म्हणजे उपरोध आणि वस्तू, येथे एकत्र आले आहेत.

अंतूच्या स्नेहाला निरोपाची निकड लागते, ही गोष्ट समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. निवेदक दूर जाणार नसता तर पुडी बाहेर निघाली नसती. हे व्यक्तिचित्र फणसाच्या प्रतिमेपाशी येऊन थांबते आणि वाचक कोकणी माणसाच्या काटेरी सालीआडचा गोडवा मान्य करून समाधानाने पुस्तक मिटतो. ही प्रतिमा इतकी लोकप्रिय झाली आहे की, ती आता कोकणी स्वभावाचे वर्णन म्हणून न राहता त्याचे समर्थन म्हणून वापरली जाते. साल काटेरीच असावयाची, गर ज्याचा त्याने शोधावयाचा, असा तिचा अर्थ लावला जातो.

पु. लं.च्या लेखनात या अर्थाला छेद देणारी जागा आहे, परंतु हशाच्या ओघात तिच्याकडे दुर्लक्ष होते. अंतूचा उपरोध समवयस्क पुरुषांच्या कंपूत चालतो, कारण तेथे प्रत्येकाला त्याची किल्ली ठाऊक आहे. कंपूतील एकेक माणूस कमी होऊ लागला की ती भाषा समजणारेही कमी होतात. जिव्हाळा सांगण्याची दुसरी भाषा अंतूने कधी शिकलेली नसते. त्यामुळे वृद्धापकाळात, जेव्हा स्नेहाच्या शब्दांची सर्वाधिक गरज असते, तेव्हाच त्याच्यापाशी ते नसतात. व्यक्तिचित्रातील कारुण्याचे मूळ अंतूच्या दारिद्र्यात जितके आहे, तितकेच या निःशब्दतेत आहे.

मरणोत्तर स्नेह :

उपरोधाच्या कवचाला एका प्रसंगी सर्वमान्य सूट आहे, ती म्हणजे मृत्यू. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक (जन्म १८५६) आणि गोपाळ गणेश आगरकर यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात दोघांनी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले आणि त्या सहवासावर आगरकरांनी पुस्तक लिहिले. पुढे मतभेद विकोपाला गेले. आगरकर १८८७ मध्ये ‘केसरी’तून बाहेर पडले, १८८८ मध्ये ‘सुधारक’ निघाला आणि दोन्ही पत्रांतून उभयतांनी एकमेकांवर कठोर टीका केली. १८९५ मध्ये आगरकरांचे अकाली निधन झाल्यावर टिळकांनी ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला. जिवंतपणी ज्याच्याशी सलोख्याचा शब्द बोलणे दुरापास्त झाले होते, त्याच्याविषयी आदराने लिहिणे मृत्यूने शक्य केले.

मराठीतील मृत्युलेख आणि स्मृतिपर व्यक्तिचित्रे या वाङ्मयप्रकारांची समृद्धी या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहे. ‘गणगोत’ (१९६६), ‘गुण गाईन आवडी’ (१९७५) आणि ‘मैत्र’ (१९९९) ही पु. लं.ची पुस्तकांची नावेच स्नेहाची कबुली देतात. जिवंत स्नेह्यांवरही त्यांनी भरभरून लिहिले, हे त्यांचे वेगळेपण आहे. तथापि एकंदर मराठी व्यवहारात स्नेहाचा उघड उच्चार शोकसभेसाठी राखून ठेवण्याचीच प्रथा आहे. महाविद्यालयीन जीवनातही सहकाऱ्याच्या गुणांचा पहिला मनमोकळा उल्लेख पुष्कळदा निवृत्तिसमारंभात किंवा शोकप्रस्तावात होतो. ज्याच्यासाठी ते शब्द असतात, तो ते ऐकण्याच्या स्थितीत तरी नसतो किंवा निघून जाण्याच्या बेतात तरी असतो.

‘प्रिय जी. ए.’ : संबोधनाचा प्रश्न :

या पार्श्वभूमीवर सुनीता देशपांडे यांचा ‘प्रिय जी. ए.’ (२००३) हा संग्रह वाचला म्हणजे त्याचे धाडस नीट ध्यानात येते. सुनीताबाई रत्नागिरीच्या ठाकूर कुटुंबातील. त्यांचा आणि पु. लं.चा नोंदणी विवाह १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीतच झाला. म्हणजे अंतू बर्वा ज्या भाषिक वातावरणाचा प्रतिनिधी आहे, त्याच वातावरणात त्या वाढल्या. ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) या त्यांच्या आत्मकथनातील परखडपणात त्या वातावरणाची खूण दिसते. परंतु जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी या वातावरणाचा सर्वांत महत्त्वाचा संकेत मोडला आहे. ज्याच्याविषयी स्नेह आहे त्याला तो जिवंतपणी, सरळ आणि पुनःपुन्हा सांगितला आहे.

स्त्री-पुरुष मैत्रीच्या संदर्भात उपरोध आणि वस्तू यांखेरीज आणखी एक आडपडदा मराठी समाजाने सिद्ध ठेवला आहे, तो मानलेल्या नात्याचा. ‘दादा’, ‘भाऊ’, ‘ताई’, ‘वहिनी’ ही संबोधने परक्या स्त्री-पुरुषांमधील जिव्हाळ्याला परवाना मिळवून देतात. भाऊबीज आणि राखी हे त्या परवान्याचे वार्षिक नूतनीकरण होय. या प्रथेने अनेक निर्मळ संबंधांना आधार दिला, हे नाकारता येणार नाही. परंतु मैत्रीला स्वतःच्या नावाने जगता येत नाही, तिला नेहमी दुसऱ्या नात्याच्या छत्राखाली उभे राहावे लागते, हीच गोष्ट ही प्रथा वर्षानुवर्षे शिकवीत आली आहे.

जी. एं.च्या संदर्भात दोन पुस्तकांची शीर्षके शेजारी ठेवली म्हणजे हा मुद्दा स्पष्ट होतो. त्यांच्या मावसबहीण नंदा पैठणकर यांचे पुस्तक ‘प्रिय बाबुआण्णा’ या नावाचे आहे. घरातल्या बहिणीने घरातल्या नावाने मारलेली ती हाक आहे. सुनीताबाईंच्या संग्रहात ‘प्रिय’ हे विशेषण तेच आहे, परंतु पुढे नाते नाही, ‘भाऊ’ नाही, ‘राव’ नाही. केवळ दोन आद्याक्षरे आहेत. विवाहित स्त्रीने परक्या पुरुषाला केलेले हे संबोधन नात्याचा कोणताही आधार घेत नाही आणि त्याबद्दल स्पष्टीकरणही देत नाही. सबंध संग्रहाची भूमिका या संबोधनात सामावलेली आहे.

पत्रांतील आशयही याला धरून आहे. वाचलेली पुस्तके, कविता, प्रवास, घरकाम, आजारपणे, मनाचे चढउतार असा त्यांचा विस्तार आहे. येथे स्नेह वेगळ्या भावोत्कट परिच्छेदात मांडलेला नाही. ज्याच्यापाशी काहीही सांगता येते असा माणूस आहे, या विश्वासाने दैनंदिन गोष्टी तपशिलाने सांगणे हेच त्याचे रूप आहे. जी. एं.ची ख्याती माणसांपासून दूर राहणारा, सभासमारंभ टाळणारा लेखक अशी होती. त्यांच्या निवडक पत्रांचे चार खंड या प्रतिमेला दुरुस्त करतात. समोरासमोरच्या भेटीत जे सांगता येत नव्हते, ते त्यांनी पत्रांतून भरभरून सांगितले, आणि त्यांत सुनीताबाईंना लिहिलेल्या पत्रांचे स्थान मोठे आहे.

अंतर आणि असमानता :

तथापि या मोकळेपणाच्या मर्यादाही तपासल्या पाहिजेत. पहिली मर्यादा माध्यमाची आहे. धारवाड आणि मुंबई-पुणे यांमधील अंतर व टपालाचा अवधी यांनी या मैत्रीला संरक्षण दिले. ज्या शब्दांना कागदावर जागा मिळाली, त्यांना दिवाणखान्यात, तिसऱ्या माणसासमोर ती मिळाली असती असे नाही. या अर्थाने पत्र हाही एक आडपडदाच आहे. फरक इतकाच की, उपरोध भावना झाकतो आणि पत्र केवळ चेहरा झाकते.

दुसरी मर्यादा प्रकाशनाच्या क्रमात दिसते. जी. एं.नी सुनीताबाईंना लिहिलेली पत्रे १९९५ मध्ये प्रकाशित झाली. त्या वेळी पु. ल. हयात होते, म्हणजेच या मैत्रीत लपवावे असे काही त्या घराला वाटत नव्हते. सुनीताबाईंची पत्रे मात्र २००३ मध्ये, जी. ए. आणि पु. ल. (निधन १२ जून २०००) या दोघांच्याही पश्चात प्रकाशित झाली. या आठ वर्षांच्या अंतराची व्यक्तिगत कारणे काहीही असोत, वाचकसमाजाच्या दृष्टीने त्याचा अर्थ स्पष्ट आहे. एकाकी पुरुषाने स्नेह व्यक्त केला तर तो त्याच्या संवेदनशीलतेचा पुरावा ठरतो. विवाहित स्त्रीने तोच केला तर तिच्या संसाराची चौकशी सुरू होते.

ही चौकशी समीक्षेतही शिरते. ‘प्रिय जी. ए.’विषयी बोलताना हे नाते ‘नेमके’ काय होते, हा प्रश्न आवर्जून विचारला जातो. हा प्रश्न निरुपद्रवी नाही. मैत्री हे पुरेसे उत्तर होऊ शकत नाही, हे त्यात गृहीत धरलेले आहे. अभिनवगुप्ताने मित्रस्नेहाला रतीत सामावले त्यामागे रसांची संख्या मर्यादित ठेवण्याची शास्त्रीय गरज होती. आजच्या वाचकाला तशी गरज नाही. तरीही तो तेच करतो. पत्रांत जे लिहिले आहे त्यापेक्षा जे लिहिलेले नाही त्याला अधिक विश्वसनीय मानणे हा वाचनाचा दोष आहे, आणि वर्गात हा संग्रह शिकविताना तो टाळणे आवश्यक आहे.

दोन पुरुषांच्या मैत्रीलाही हा संशय आता पूर्णपणे चुकलेला नाही. मित्राच्या खांद्यावर हात टाकून किंवा हात धरून चालणे ग्रामीण महाराष्ट्रात स्वाभाविक मानले जात आले आहे. शिक्षित शहरी वर्गात मात्र ते टाळण्याकडे कल दिसतो. समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून वगळणारा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय ६ सप्टेंबर २०१८ रोजी आला. कोणतेही नाते लज्जास्पद नसेल तर मित्रांना आपल्या स्पर्शाचा खुलासा करण्याचे कारणच उरत नाही. हे तर्कशुद्ध अनुमान सामाजिक व्यवहारात उतरण्यास अद्याप अवकाश आहे.

उपरोधाच्या बाजूनेही एक युक्तिवाद विचारात घ्यावा लागतो. शब्दांनी स्नेह स्वस्त होतो, न बोलता समजून घेणे हीच प्रगल्भ मैत्री, असे मानणारा मोठा वर्ग आहे. सणावाराच्या शुभेच्छांचे आयते संदेश दररोज शेकड्यांनी फिरत असताना या मतात तथ्य वाटते. परंतु सुनीताबाईंची पत्रे या युक्तिवादाला परस्पर उत्तर देतात. शब्द स्वस्त होतात ते ते उसने असतात म्हणून. एका विशिष्ट माणसाला डोळ्यांसमोर ठेवून, त्याच्या आवडीनिवडी ओळखून लिहिलेला शब्द आंब्याच्या पेटीइतकाच निवडून दिलेला असतो.

निष्कर्ष :

१. मराठी मध्यमवर्गीय समाजात प्रौढ मैत्रीतील स्नेह उपरोध, वस्तू, मानलेले नाते आणि मृत्युलेख या चार आडपडद्यांतून व्यक्त होतो. भाट्ये-रत्नागिरी परिसरात त्यांतील पहिल्या दोहोंचे प्राबल्य आहे.

२. हे आडपडदे भावनेच्या अभावाचे द्योतक नाहीत. ती एक संकेतभाषा आहे. मात्र ती समवयस्क, समलिंगी आणि समभाषिक कंपूपुरतीच पुरेशी पडते. कंपू विरळ होताच ती भाषा बोलणारा एकाकी होतो, हे ‘अंतू बर्वा’ या व्यक्तिचित्रातून दिसते.

३. ‘प्रिय जी. ए.’ या संग्रहात मैत्रीने नात्याचा आधार न घेता स्वतःच्या नावाने बोलण्याचा प्रयत्न केला आहे. पत्राच्या माध्यमाने त्याला संरक्षण दिले, तर स्त्रीविषयक दुहेरी निकषांनी त्याचे प्रकाशन लांबणीवर पडावे अशी परिस्थिती निर्माण केली.

४. रत्नागिरीशी नाते असलेल्या या दोन लेखनकृती परस्परपूरक म्हणून शिकविल्या गेल्यास, स्नेह कसा झाकला जातो आणि तो उघड करण्यास काय लागते, या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यांसमोर येतील. किनाऱ्यावर रोज भेटणाऱ्या दोन निवृत्त स्नेह्यांपैकी एकाच्या शोकसभेत दुसऱ्याने जे सांगावयाचे, ते तो आधीही सांगू शकतो. त्यासाठी लागणारी मराठी ‘प्रिय जी. ए.’मध्ये लिहिली गेलेली आहे.